साडेबासष्ट अंशांवरचे दूध

नाशिकहून मुंबईला हलवलेला रुग्ण कसारा घाट उतरतो, ठाणे ओलांडतो आणि पूर्व द्रुतगती महामार्गाने शीवला येऊन टेकतो. तिथल्या रुग्णालयाचे कागदोपत्री नाव लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालय. एवढे लांबलचक नाव कोणी घेत नाही, रिक्षावाल्यापासून खासदारापर्यंत सगळे सायन हॉस्पिटलच म्हणतात. नवजात अर्भकांच्या सेवेवर नाशिकमध्ये निघणाऱ्या या स्मरणिकेत मुंबईतल्या एका विभागाचा इतिहास कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. एका बाईचे दूध घेऊन ते दुसऱ्या बाईच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलाला निर्धोकपणे पाजायची शिस्त आपल्याकडे बसवली ती या रुग्णालयाने, हे त्याचे कारण. २७ नोव्हेंबर १९८९ या दिवशी तिथे मातृदुग्धपेढी सुरू झाली. भारतातली ती पहिली आणि आशियातलीही. शिवाय या रुग्णालयाचे वैद्यकीय महाविद्यालय आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे. तेव्हा नाशिककरांना शीव तसे परके नाही.

दुसरीचे मूल पाजणे ही आपल्याकडे मुळीच नवी गोष्ट नव्हती. सईबाई आजारी पडल्या तेव्हा बाळ संभाजीराजांना कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी पाजले, ही हकीकत शाळकरी मुलालाही ठाऊक असते. गावोगावी जाऊबाई, नणंद, शेजारीण वेळेला धावून येई. पण त्या व्यवस्थेत दूध देणारी बाई घरच्यांच्या डोळ्यांसमोरची असे. तिला काय दुखणे आहे, तिची मुले कशी आहेत, हे सगळ्यांना माहीत असे. व्हिएन्नात १९०९ मध्ये आणि बोस्टनमध्ये त्याच्या पुढच्या वर्षी दूधपेढ्या निघाल्या, तेव्हा ही ओळख पहिल्यांदा तुटली. दूध बाटलीत आले आणि बाई नजरेआड गेली. ते दूध निर्धोक आहे, याची हमी मग कोणी द्यायची? दूधपेढ्यांचा त्यानंतरचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो आणि शीवचाही त्याला अपवाद नाही.

हे रुग्णालय १९४७ साली लष्कराच्या जुन्या बराकींमध्ये सुरू झाले. वैद्यकीय महाविद्यालय त्याला १९६४ मध्ये जोडले गेले. शेजारी धारावी. तेव्हा बाळंतिणींची रीघ आणि त्यांच्यात दिवस पूर्ण न भरलेल्यांचा भरणा, हे तिथल्या प्रसूती विभागाचे नेहमीचे चित्र. सत्तर-ऐंशीच्या दशकांत देशातल्या बहुतेक सरकारी रुग्णालयांत अशी मुले दगावत ती जंतुसंसर्गाने. दीड किलोच्या आतले मूल पेटीत ठेवायचे, आईला वॉर्डाबाहेर बसवायचे आणि मुलाला डब्यातल्या पावडरीचे वरचे दूध बाटलीने पाजायचे, अशी तेव्हाची रीत होती. पावडर कालवणारे हात, पाण्याचा पिंप, बाटलीचे बूच, रबराचे बोंडूक यांतल्या कशातूनही जंतू मुलाच्या पोटात जाऊ शकत. आणि ज्या मुलाला अजून स्वतःची प्रतिकारशक्ती नाही, त्याला त्यातले थोडेसेही पुरे होत.

नवजात शिशू विभागाच्या प्रमुख डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी हे चित्र बदलायला घेतले तेव्हा त्यांच्या हाताशी फारसे पैसे नव्हते. मला वाटते, तेच पथ्यावर पडले. पैसे असते तर आधी यंत्रे आली असती. ती नव्हती म्हणून त्या आईकडे वळल्या. बाटल्या वॉर्डातून हद्दपार झाल्या, आया आत आल्या, हात धुण्याची सक्ती झाली. मुलाला ओढता येत नसेल तर आईने दूध काढून द्यायचे आणि ते वाटी-चमच्याने किंवा नळीने पाजायचे, असे ठरले. जिला जास्त दूध येते तिने शेजारच्या खाटेवरच्या मुलासाठी द्यावे, हे त्याच ओघात आले. पण पहिल्या बाळंतपणाची घाबरलेली आई, शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर न आलेली आई, दूरच्या दवाखान्यातच राहिलेली आई, अशांच्या मुलांचे काय? ब्रिटनमधल्या दूधपेढ्यांचे काम डॉ. फर्नांडिस यांनी पाहिले होते. तसे काही मुंबई महापालिकेच्या रुग्णालयात उभे राहू शकेल, असे त्यांनी मनावर घेतले.

आता ही पेढी निघाली ते १९८९ हे साल पाहा. त्याआधी चारच वर्षे, १९८५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी एक घटना ‘लॅन्सेट’मध्ये नोंदवली. बाळंतपणानंतर एका बाईला रक्त चढवले गेले होते, त्या रक्तातून तिला एड्सचा विषाणू लागला आणि तिने पाजलेल्या मुलालाही तो लागला. दुधातून हा विषाणू जातो, हे त्यातून जगाला कळले. त्याचा परिणाम लगेच दिसला. ब्रिटन आणि उत्तर अमेरिकेतल्या अनेक दूधपेढ्यांनी कुलपे लावली. पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या पेढ्याही त्यांत होत्या. पुढच्याच वर्षी भारतातही या विषाणूची लागण सापडली आणि नव्वदचे दशक उजाडता उजाडता मुंबई हे त्या साथीचे देशातले एक मोठे केंद्र बनले. जगात दूधपेढ्या बंद होत असताना, साथीच्या तोंडावर असलेल्या शहरात, धारावीच्या वेशीवर आशियातली पहिली दूधपेढी उघडणे हा काही जणांना अविचार वाटला असेल.

प्रत्यक्षात वेळ बरी होती. एड्सच्या धास्तीने दूधपेढीच्या विज्ञानाला कसून तपासायला लावले. हा विषाणू नेमक्या किती उष्णतेला मरतो, यावर प्रयोग झाले. गायीगुरांच्या दुधासाठी जुनीच असलेली पाश्चरायझेशनची एक पद्धत, म्हणजे साडेबासष्ट अंश सेल्सियसवर तीस मिनिटे, आईच्या दुधातला विषाणूही निकामी करते, हे १९८७ च्या सुमारास स्पष्ट झाले. म्हणून शीवची पेढी जन्मली तीच संशय घेऊन. दूध देणारी बाई भली आहे, यावर विश्वास ठेवायचा, पण तिच्या दुधावर मात्र प्रयोगशाळेचा कागद हाती येईपर्यंत ठेवायचा नाही. जुन्या पेढ्यांना हे नंतर शिकावे लागले.

साडेबासष्टच का? दूध उकळून काढले तर जंतू मरतात हे कोणत्याही घरातली आजी सांगेल. पण उकळलेल्या आईच्या दुधात आईचे म्हणावे असे फार थोडे उरते. मुलाच्या आतड्याला लेप देणारे आयजीए हे प्रतिपिंड साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास ठेवले तरी बहुतांश टिकते. चांगल्या जंतूंना पोसणाऱ्या दुधातल्या विशिष्ट शर्करांना जवळजवळ धक्का लागत नाही. जंतूंना रोखणाऱ्या लॅक्टोफेरिन या प्रथिनाचा मात्र बराचसा भाग जातो, चरबी पचवणारा लायपेज नष्ट होतो आणि जिवंत पांढऱ्या पेशी मरतात. म्हणजे दात्या आईचे पाश्चराइझ केलेले दूध हे मुलाच्या स्वतःच्या आईच्या ताज्या दुधाच्या तोडीचे कधीच नसते, डब्यातल्या दुधापेक्षा मात्र कितीतरी सरस असते. अशा दुधावरच्या मुलांत आतड्याला सूज येऊन ते सडण्याचा एनईसी नावाचा जीवघेणा आजार डब्यातल्या दुधावरच्या मुलांपेक्षा कमी दिसतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०११ च्या मार्गदर्शनात कमी वजनाच्या मुलांसाठी हाच क्रम लावला: आधी स्वतःच्या आईचे, ते नसेल तर दूधपेढीचे, तेही नसेल तर डब्यातले.

हे काम चालते कसे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. बाई हात कोपरापर्यंत धुते, केस झाकते, स्तन स्वच्छ पाण्याने पुसते. काहींना विजेवरचा पंप आवडतो, काहींना हाताने काढणेच सोयीचे वाटते. सिस्टर शेजारी बसून अंगठा आणि बोटे कुठे ठेवायची, आधी मागे दाबून मग पुढे कसे आणायचे, हे दाखवते. पहिली दोन-तीन मिनिटे काहीच येत नाही आणि बाई कावरीबावरी होते. मग बाळाचा आवाज येतो किंवा नुसता विषय निघतो आणि पान्हा फुटतो. दूध निर्जंतुक केलेल्या झाकणाच्या भांड्यात जाते, त्यावर तारीख, वेळ आणि दात्रीचा क्रमांक पडतो आणि ते लगेच फ्रिजमध्ये जाते. मग अनेक जणींचे दूध एकत्र करून भांड्यांत भरतात आणि ती भांडी हलत्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. टाकी सतत हेलकावते, नाहीतर कडेचे दूध तापेल आणि मधले कोमट राहील. एका भांड्यात तापमापी असते. मिनिटे मोजायची ती टाकीतले पाणी तापल्यापासून नव्हे, तर त्या भांड्यातल्या दुधाच्या मध्यभागी साडेबासष्टचा आकडा लागल्यापासून. तीस मिनिटे झाली की भांडी बर्फाच्या पाण्यात, चार अंशांपर्यंत झटपट खाली. रेंगाळत निवू दिले तर उरलेसुरले जंतू पुन्हा डोके वर काढतात.

त्यातला एक नमुना सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत जातो. त्याचा निकाल येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन दिवस, त्या खेपेतला एक थेंबही कोणाला मिळत नाही. सगळे दूध उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये वेगळे पडून राहते. पाश्चरायझेशननंतर नमुन्यात काहीही उगवले तर ती संपूर्ण खेप ओतून द्यायची. इतक्या आयांनी इतक्या मेहनतीने काढलेले दूध मोरीत ओतताना कोणाचाही हात अडखळेल. पण दूधपेढीची विश्वासार्हता त्या ओतण्यावर उभी आहे. तिथे भावनेला जागा देऊन चालत नाही.

उष्णतेने सगळे मरत नाही, हे बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसते. एचआयव्ही मरतो. भारतातल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढ स्त्रीच्या अंगात सुप्त असलेला आणि अगदी लहान मुलाला त्रास देऊ शकणारा सीएमव्ही हा विषाणूही मरतो. नुसत्या गोठवण्याने तो पुरता मरत नाही, म्हणून फ्रीझरवर भिस्त ठेवता येत नाही. बहुतेक जिवाणू मरतात. पण बॅसिलस सेरियससारख्या जिवाणूचे बीजाणू साडेबासष्ट अंशांना भीक घालत नाहीत. स्टॅफिलोकॉकसने दुधात आधीच सोडलेले विष जिवाणू मेल्यावरही मागे राहते. औषधे, दारू, निकोटीन यांच्यावर तर पाश्चरायझरचा काहीच इलाज चालत नाही. म्हणून खरी गाळणी यंत्राच्या आधी, बाईशी होणाऱ्या बोलण्यात असते. एचआयव्ही, कावीळ ब आणि सिफिलिस यांच्या चाचण्यांचे कागद पाहायचे, क्षयाचे औषध चालू आहे का, स्तनाला सूज किंवा जखम आहे का, काही गोळ्या चालू आहेत का, हे विचारायचे. आणि तंबाखू.

हा तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे फार बिलंदर आहे. “तंबाखू खाता का ताई?” असे विचारले तर खाणारीही “नाही हो सिस्टर” म्हणेल आणि ते तिच्या दृष्टीने खरेच असेल. “मिश्री लावता का?” असे विचारल्यावर ती सहज सांगते, “हो, सकाळ-संध्याकाळ, दात घासायला.” भाजलेल्या तंबाखूची ही पूड महाराष्ट्रात व्यसन समजलीच जात नाही, टूथपेस्टच्या रांगेत बसते. इंग्रजी मार्गदर्शिकेतल्या प्रश्नावलीचा शब्दशः अनुवाद करून वॉर्डात फिरणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. माझ्या मते कोणत्याही नव्या दूधपेढीने पाश्चरायझर घेण्याआधी असे प्रश्न तयार करावेत. सुरगाण्यात ते वेगळे असतील, मालेगावात वेगळे.

यंत्रावर फार विसंबण्याचे फळ काय असते, ते फ्रान्समधल्या नाँत शहरात दिसले. तिथल्या नवजात अतिदक्षता विभागात स्यूडोमोनास जिवाणूची साथ आली आणि शोध घेता घेता तिचे मूळ दूधपेढीच्या पाश्चरायझरमध्ये सापडले. ही हकीकत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून पाण्याची पातळी भांड्यातल्या दुधाच्या वर, पण झाकणाच्या खाली, पाणी रोज बदललेले आणि टाकी कोरडी करून ठेवलेली, या बारक्या गोष्टींना पेढीत वेदवाक्याचे स्थान असते.

दूध देतो कोण? शीवच्या पेढीचा आधार प्रामुख्याने रुग्णालयातल्याच बाळंतिणी आहेत. कोणी प्रसूती कक्षातल्या, कोणी नवजात विभागात मूल असलेल्या, कोणी लसीला आलेल्या. त्यांना मोबदला नाही आणि दूध घेणाऱ्यालाही शुल्क नाही. सासूची समजूत काढणे हा यातला सर्वांत अवघड भाग. ‘दुसऱ्याला दिले तर आपल्या नातवाला कमी पडेल’, ‘दुधाला नजर लागेल’, ‘दूध आटेल’, या शंका ठरलेल्या. यावर व्याख्यान झोडून काही होत नाही. जितके काढाल तितके येते, हे त्या बाईला स्वतःच्याच अंगावर चार दिवसांत दिसते आणि मग तीच शेजारणीला सांगते. चीक टाकून देण्याची आणि मुलाला आधी मध चाटवण्याची रूढी मोडायलाही हीच बाई कामी येते. दूधपेढीची समुपदेशक बाई वॉर्डात फिरली की तिथल्या मुलांना स्वतःच्या आईचे दूध मिळण्याचे प्रमाण वाढते. पेढीचा हा उपयोग दान केलेल्या दुधापेक्षाही मोठा आहे, असे मला वाटते.

एकत्र केलेल्या त्या भांड्यात जात नसते, धर्म नसतो. धारावीच्या शेजारी हे सहज घडले, पण सगळीकडे ते सहज घडत नाही. इस्लामी परंपरेत एकाच बाईचे दूध प्यालेली मुले भाऊ-बहीण ठरतात आणि त्यांचा विवाह निषिद्ध मानला जातो. ढाक्यात २०१९ मध्ये दूधपेढी उघडण्याच्या तयारीत असताना याच आक्षेपावरून ते काम थांबवावे लागले. हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये. आपल्याकडेही दूधभाऊ हे नाते मानले गेले आहे. मालेगावसारख्या शहरात काम करायचे तर उलेमांशी आधीच बोलून घेणे हे पेढीच्या उभारणीचे काम समजावे. इतर सोय नसलेल्या, जिवावर बेतलेल्या मुलासाठी अशा पेढीचे दूध चालते, असे मत देणारे धर्मज्ञही आहेत.

हजार ग्रॅमच्या मुलाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे वीस मिलिलिटर दूध द्यायचे म्हटले आणि दर दोन तासांनी पाजायचे ठरवले, तर एका वेळी दोन मिलिलिटरही होत नाही. बोंडल्याच्या तळालाही ते दिसणार नाही. ते नळीतून, गुरुत्वाकर्षणाने, सावकाश आत सोडायचे. शीवच्या पेढीत वर्षाला साधारण आठशे ते बाराशे लिटर दूध जमते. हा आकडा ऐकून गोकुळ-वारणा माहीत असलेला माणूस फारसा प्रभावित होणार नाही, पण या हिशेबाने एक लिटर म्हणजे पाचशेहून अधिक पाजण्या. म्हणूनच वर्षाला काही हजार मुलांपर्यंत हे दूध पोहोचते. पहिला हक्क दीड किलोच्या आतल्या मुलांचा आणि तोही स्वतःच्या आईचे दूध पुरेसे येईपर्यंतच, म्हणजे बहुधा थोडेच दिवस.

डॉ. फर्नांडिस पुढे रुग्णालयाच्या अधिष्ठाता झाल्या. १९९९ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर ‘स्नेहा’ ही संस्था काढली आणि वॉर्डातला प्रश्न वस्तीत जाऊन सोडवायचा प्रयत्न आरंभला. पेढीची धुरा डॉ. जयश्री मोंडकर यांनी घेतली. सुरुवातीपासून त्या या कामात होत्याच. संस्थेचे संस्थापक गेल्यावर ती चालते का, हीच कोणत्याही संस्थेची परीक्षा, आणि इथे ती उत्तीर्ण झाली. पण एक गोष्ट खटकते. शीवचा यशस्वी नमुना समोर असताना पुढची पंधरा-वीस वर्षे देशातल्या दूधपेढ्या बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. ब्राझीलने त्याच काळात दोनशेहून अधिक पेढ्यांचे जाळे विणले. तिथे आयांनी दूध काढायला घरातल्या कॉफीच्या रिकाम्या काचेच्या बरण्या वापरल्या आणि अनेक शहरांत अग्निशमन दलाचे जवान घरोघरी जाऊन त्या गोळा करतात. महाग यंत्रांवाचून हे काम अडत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. आपण मात्र दीर्घकाळ एका रुग्णालयाचे कौतुक करत बसलो.

भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, आयएपीने, दूधपेढ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली ती २०१४ मध्ये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची आली २०१७ मध्ये. दोन्हींमागे शीवचा अनुभव आहे. ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तिथे प्रशिक्षणाचे काम उभे राहिले आणि पश्चिम भारतातल्या पेढ्यांसाठी शीव हे संदर्भ केंद्र बनले. नवी पेढी काढणाऱ्या रुग्णालयातले डॉक्टर, सिस्टर आणि तंत्रज्ञ तिथे येऊन शिकतात. मला यात सिस्टरांचा उल्लेख मुद्दाम करायचा आहे. पेढीच्या यशावरच्या लेखांत डॉक्टरांची नावे असतात, पण भांडे फ्रीझरमध्ये ठेवण्यापूर्वी चिठ्ठी लावली की नाही, हे बघणारा माणूस तिथे रात्रपाळीतही लागतो.

२०२० मध्ये कोविड आला आणि १९८५ ची सगळी भीती नव्याने उभी राहिली. विषाणू दुधातून जातो का, हे पहिले काही महिने कोणालाच सांगता येईना. शीव तर तेव्हा मुंबईतल्या कोविडच्या ऐन तोंडावर. लॉकडाऊनमुळे देशभरच दात्या आयांची संख्या घटली. पण या वेळी उत्तर लवकर मिळाले. साडेबासष्ट अंश आणि तीस मिनिटे हा जुनाच उपाय कोरोनालाही पुरतो, हे त्याच वर्षी प्रयोगांतून दिसले आणि लागण झालेल्या आईनेही मास्क लावून, हात धुऊन मुलाला पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. मूल आईपासून वेगळे केल्याने होणारा तोटा विषाणूच्या धोक्याहून मोठा आहे, हा विचार त्यामागे होता.

दुधाच्या सुरक्षिततेला आता एक नवीन धोका बाजारातून येतो आहे. आईचे दूध विकत घेऊन, भुकटी करून महाग दराने विकण्याचे प्रयत्न देशात झाले. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, मे २०२४ मध्ये स्पष्ट केले की मानवी दुधावर प्रक्रिया करून ते विकण्याला कायद्याने परवानगी नाही आणि असे परवाने देऊ नयेत. मला हे योग्य वाटते आणि त्याचे कारण नैतिकतेइतकेच आरोग्याचे आहे. पैसे मिळू लागले की बाई आपले आजारपण, गोळ्या आणि मिश्री लपवते, दुधात पाणी घालते आणि स्वतःच्या मुलाच्या वाट्याचे दूध विकते. वर सांगितलेली बोलण्यातली गाळणी मग फुकट जाते. दूध मोफत असणे हाच सुरक्षिततेचा पहिला टप्पा आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून घराघरांत परस्पर होणाऱ्या देवाणघेवाणीबद्दलही तेच म्हणावे लागेल. तिथे पैसे नसतात, पण चाचणीही नसते आणि पाश्चरायझेशनही नसते.

हे सगळे नाशिकमध्ये वाचताना २०१७ चा ऑगस्ट आठवल्याशिवाय राहत नाही. त्या एका महिन्यात जिल्हा रुग्णालयाच्या विशेष नवजात कक्षात ५५ अर्भके दगावल्याची बातमी देशभर गाजली. पेट्या अपुऱ्या पडत होत्या, एकेका पेटीत एकापेक्षा जास्त मुले ठेवावी लागत होती, बरीच मुले कमी वजनाची आणि उशिरा पोहोचलेली होती, असे तेव्हा सांगितले गेले. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतून येणाऱ्या आईला त्र्यंबक रोडवरच्या सिव्हिलपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आपण सगळे जाणतो. दूधपेढीने ही सगळी मुले वाचली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पेट्या, सिस्टर, वेळेवरची गाडी या गोष्टींना दूध पर्याय होत नाही. पण एकाच पेटीत दोन मुले असताना एकाचा जंतू दुसऱ्याला लागणार, हे गृहीत धरावे लागते आणि अशा वेळी त्या मुलाच्या आतड्यात आईचे दूध आहे की डब्यातले, याला फार महत्त्व येते.

२०१७ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी कामाची तीन पायऱ्यांत वाटणी केली आहे. सर्वांत खाली, बाळंतपण होते अशा प्रत्येक ठिकाणी, पाजण्याबद्दल सल्ला देणारी मदत. मधल्या पायरीवर, विशेष नवजात कक्ष असलेल्या रुग्णालयात, आईचे दूध काढून तिच्याच मुलासाठी साठवण्याची सोय. सर्वांत वर, वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मोठ्या जिल्हा रुग्णालयात, दात्या आयांच्या दुधाचे पाश्चरायझेशन करणारे संपूर्ण केंद्र. दूधपेढीचा विषय निघाला की आपले लक्ष पटकन वरच्या पायरीकडे जाते, कारण तिथे यंत्र असते, फीत कापता येते आणि दाते देणगी देतात. मधल्या पायरीला लागतात एक स्वच्छ खोली, धुण्याचे बेसिन, निर्जंतुक भांडी, एक-दोन पंप, फ्रिज, डीप फ्रीझर आणि खाटेशी बसून दूध काढायला शिकवणारी सिस्टर. तिथे पाश्चरायझर लागत नाही, कारण मुलाला स्वतःच्या आईचे दूध ताजेच दिलेले बरे. ही पायरी नीट चालली तर वरच्या पायरीवर दुधाची मागणी निम्म्याने उतरली तरी आश्चर्य वाटायला नको. शीवमध्येही वॉर्डातल्या बाटल्या आधी गेल्या आणि आया आधी आत आल्या. टाकी, तापमापी आणि फ्रीझर त्यानंतर आले.